हिंदी अर्ज ‘मराठी’ म्हणून परत आला त्याची गोष्ट

आमची शॉर्टफिल्म इंटरनेटबंदीवर आहे. खानापूरच्या दोघा मित्रांना घेऊन मोबाइलवरच शूट केली, एडिटिंग घरात बसून. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते एका कागदासाठी.

डिसेंबर २०१९ मध्ये मंगळूरला मोबाइल इंटरनेट ४८ तास बंद होतं. असा बंदीचा आदेश असतो तरी कसा, ते आम्हाला पडद्यावर दाखवायचं होतं. काश्मीरच्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने हे आदेश प्रसिद्ध करायला सांगितलंय. मग मागायला काय हरकत? इंटरनेटबंदीचे २०१७ चे नियम आल्यापासून बेळगाव जिल्ह्यासाठी निघालेल्या आदेशांच्या प्रती द्या, एवढाच अर्ज.

माहिती अधिकाराच्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो. इथली राजभाषा कन्नड, त्यात मराठी बसत नाही. ते गिळलं आणि हिंदीत लिहिला.

ऑफिसात अर्ज घेणाऱ्या आवक टेबलावरच्या साहेबांनी एक ओळ बघून कागद सरकवला. “मराठी नडियंगिल्ल. कन्नडदाग बरदु कोड्री.” म्हणजे मराठी चालत नाही, कन्नडात लिहून द्या.

“मराठी नाही साहेब, हिंदी आहे.”

“अक्षरं तीच की!”

मी ‘है’वर बोट ठेवलं. ‘दी जाएँ’वर ठेवलं. कायद्याची झेरॉक्स काढली, ती त्यांनी उलटी धरून टेबलावर ठेवली. मागे रांग वाढत होती, एक आजोबा तर “ऱ्हाऊ दे रे पोरा, कन्नडात लिहून घे कुणाकडून” म्हणून मलाच समजावू लागले. शेवटी आतल्या टेबलावर पाठवलं. तिथले दादा घरी मराठी बोलणारे, हे पहिल्या वाक्यातच कळलं. त्यांनी अर्ज अख्खा वाचला, मान डोलावली आणि हळू आवाजात म्हणाले, “हिंदीच आहे हो. पण कन्नडात दिलात तर लवकर होईल.” वर विचारलं, “कशाला पाहिजे पण?”

कारण सांगायचं बंधन नाही, कलम ६(२). हे पाठ करून जा.

मी तोच अर्ज १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून स्पीड पोस्टाने त्याच ऑफिसला पाठवला. पोस्टाच्या पावतीला कुणी भाषा विचारत नाही. तुम्हीही टेबलापाशी वाद घालत बसू नका.

हो, एक राहिलंच: कर्नाटकाच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. म्हणून हे बंदीचे आदेश तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीच्या बैठकांचं मी त्यातून काढून टाकलं होतं.

उत्तर कन्नडात आलं. शेजारच्या काकूंनी वाचून दाखवलं: असे आदेश गृह खातं काढतं, अर्ज कलम ६(३) खाली बेंगळुरूला वर्ग केला आहे. हे काम त्यांनी पाच दिवसांत करायचं असतं, म्हणून पत्राची तारीख आणि पोस्टाची पावती दोन्ही जपून ठेवल्यात. बेंगळुरूहून तीस दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील टाकणार आहे. हिंदीतच.