चैन : ४५ रुपये

रविवार, ११ जानेवारी २०२६

सकाळी सहाला उठले, लोण्यासाठी. एरवी रविवारी सातच्या आत मी वाकळीतून पाय बाहेर काढत नाही. पण मंगळवारी भोगी, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा नसेल तर ती भोगी सासूबाईंना मंजूर नाही. खरं तर मलाही नाही. विकतचं लोणी आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत चार पावलांवर मिळतं, पण त्याचा भाव विचारायला जाणं दिवाळीपासून सोडलंय.

सायीचा डबा बारा दिवसांचा होता. पहिल्याच दिवशी तळाला चमचाभर दही घालते आणि त्यावर रोजची साय. नुसती साय साठवली की फ्रिजमध्येही आठवड्यात कडवट होते, आणि मग तुपालाही तो कडूपणा येतो. काल रात्री डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवला होता. पण या थंडीत ओटा तरी कुठला गरम! सकाळी बघितलं तर साय नुसती घट्ट, आंबट वास अगदीच बेताचा.

थंडीत लोणी रुसतं. उन्हाळ्यात बर्फाचे खडे टाकावे लागतात, नाहीतर ते पातळ होऊन ताकातच विरघळल्यासारखं राहतं. जानेवारीत उलटं, कोमट पाणी लागतं. आणि कोमट म्हणजे किती, हे कुणी सांगू शकत नाही. जरा जास्त झालं की लोणी तेलकट. सासूबाई मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघतात, तान्ह्या बाळाच्या दुधासारखा. मी फक्त बघते आणि मान डोलावते.

घुसळायला रवीच घेतली. मिक्सरला दोन मिनिटांत होतं, ठाऊक आहे. पण मिक्सरच्या पात्याखाली जे लोणी अडकतं ते शेवटी घासणीला जातं. बारा दिवसांची साय घासणीला घालण्याइतकं आमचं काही उतू चाललेलं नाही. शिवाय मला तो आवाज ऐकायचा असतो. आधी भसभस, जड, चिखलात पाय रुतल्यासारखा. वीसेक मिनिटांनी खांदे भरून येतात आणि आता काही होत नाही असं वाटायला लागतं, तेवढ्यात आवाज एकदम पातळ होतो. खळखळ. रवीच्या पाकळ्यांना पिवळसर कण चिकटतात. मग रवी अलगद फिरवायची, गोळा आपोआप जमतो.

तीन पाण्यांत लोणी धुतलं. मूठभर गोळा भोगीसाठी पाण्यात ठेवून डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलला, उरलेलं जाड बुडाच्या पातेल्यात कढवायला ठेवलं. इथून पुढे घरात कुणाला हाका मारायची गरज पडत नाही. फेस आला, बसला, चटचट सुरू झाली. सासूबाईंनी त्यांच्या पानाच्या डब्यातलं अर्धं विड्याचं पान आणून टाकलं. (पूर्ण पान कधीच नाही. उरलेलं अर्धं त्या चुना लावून खातात.) चटचट थांबली म्हणजे पाणी संपलं, बेरी तांबूस झाली म्हणजे गॅस बंद. मध्ये अर्ध्या मिनिटाचा फरक असतो, त्या अर्ध्या मिनिटात कुणी दारावर आलं तरी मी जात नाही.

तूप गाळून बरणीत भरलं. खरी भांडणं त्यानंतरची. बेरीत साखर घालून ती खायचा हक्क लेकीचा, हे ठरलेलंच आहे. पण पातेल्याचं काय? पातेल्याच्या कडांना जे तूप राहतं, त्यात वाफाळता भात आणि मीठ घालून कालवायचं आणि त्याच पातेल्यात बसून खायचं, हा घरातला सगळ्यात मोठ्ठा मान. आज सासूबाईंनी तो लावून धरला. ‘मी आता किती दिवसांची’ हे वाक्य त्यांनी काढलं की बाकी सगळे माघार घेतात. गेली नऊ वर्षं त्या या वाक्यावर पातेलं मिळवतायत.

हे सगळं नोव्हेंबरात आम्ही हातचं घालवलं होतं, ते लिहून ठेवायला हवं.

ह्यांची फाउंड्री शिरोलीला. ऑक्टोबरपासून ओव्हरटाइम बंद झाला. घरात येणाऱ्या पैशाला तिथे मोठं भोक पडलं. माझ्या प्रुफांचे, दोन दिवाळी अंकांचे पैसे एका प्रकाशकाकडे अडकलेत. फोन केला की ‘पुढच्या आठवड्यात नक्की, वहिनी.’ ‘पुढचा आठवडा’ हा शब्द मी आता कुणाच्याही मजकुरात आला तरी खोडावा अशा मनःस्थितीत आहे. लेक दहावीला, क्लासचा शेवटचा हप्ता बाकी. तेव्हा एका रात्री वही घेऊन बसले आणि जिथे जिथे कात्री लागेल तिथे लावली. त्यात दूध सापडलं. रोज एक लिटर फुल क्रीम घेत होतो, पिशवीवर फॅट ६ टक्के. टोन्डच्या पिशवीवर ३. लिटरमागे १४ रुपयांचा फरक, महिन्याचे ४२० वाचणार. मोठी मर्दुमकी गाजवल्यासारखी झोपले.

टोन्ड दुधाला साय येत नाही असं नाही. येते, पण ती उचलायला गेलं की चमच्यावर थांबत नाही. पंधरा दिवस डब्यात साठवून जे तूप झालं ते वाटीच्या बुडाला. फुल क्रीमच्या सायीतून महिन्याला मला सहाशे ग्रॅमच्या आसपास तूप निघायचं. सप्टेंबरात तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला हे वाचून मी वाण्याकडे मोठ्या आशेने गेले होते, पण किलोचा भाव ऐकून परत फिरले. साडेसहाशे. म्हणजे माझ्या घरचं सहाशे ग्रॅम तूप धरा ३९० रुपयांचं. वाचले ४२०, गेले ३९०. तीस रुपयांसाठी मी घरातलं तूप, लोणी, चार वेळचं पातेलंभर ताक, लेकीची बेरी आणि सासूबाईंचं पातेलं असं सगळं मोडीत काढलं होतं. वर महिनाभर सगळ्यांनी वरणावर तेलाची फोडणी जास्त घालून खाल्ली, ते तेल वेगळंच.

डिसेंबरच्या एक तारखेला फुल क्रीम परत चालू केलं. ह्यांना कारण सांगितलं तर म्हणाले, ‘तीस रुपये होते की फायद्यात.’ मी काही बोलले नाही, पोळीवर तूप वाढलं.

काटकसर आणि हात आखडणं यांत फरक आहे, असं माझी आई म्हणायची, आणि मला तो कधी नीट कळला नव्हता. बचतीचे धडे देणारे लोक तर दोन्ही एकाच पिशवीत घालतात. बाहेरचा चहा सोडा, वर्षाला इतके हजार वाचतील. सोडला. मग वर्षाअखेरीला ते हजार कुठे असतात? गॅसच्या टाकीत आणि क्लासच्या हप्त्यात. चहाही नाही आणि हजारही नाहीत.

म्हणून माझ्या वहीत किराणा, दूध, लाइटबिल, औषधं यांच्या खाली एक कायमचा रकाना आहे, ‘चैन’. चांगल्या दिवसांत महिन्याला हजार होते, आता ४०० आहेत. शून्य मात्र होऊ दिले नाहीत.

या रकान्यामागे अण्णांच्या डायऱ्या आहेत. अण्णा, माझे वडील, एसटीत कंडक्टर. पै-पैचा हिशोब, टपोरं अक्षर. ते गेल्यावर ट्रंकेत पंचवीस वर्षांच्या डायऱ्या निघाल्या. तांदूळ, रॉकेल, वह्या, माझी चप्पल, आईचं औषध, सगळं तारीखवार. आणि महिन्यातून दोनदा-तीनदा एक ओळ, ‘किरकोळ – २ रु.’ पुढे पुढे किरकोळ पाचाचं झालं, दहाचं झालं. ज्या माणसाने आगपेटी लिहून ठेवली त्याचं हे किरकोळ काय असेल? मी आणि भाऊ तर्क लढवत बसलो. तंबाखू म्हणावं तर ती वेगळी लिहिलेली. पिक्चर? आकडा? आई आतून म्हणाली, ‘गंगावेशीत दूध पीत असतील. त्या दिवशी अंगाला म्हशीचा वास यायचा.’

तिला सगळी वर्षं ठाऊक होतं! आम्हांला हसू आवरेना. अण्णा ड्युटीवरून परत येताना कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पितायत आणि मिशी पुसून घरी येतायत. मी ती गोष्ट पुष्कळांना हसत हसत सांगितली आहे. पण एकदा रात्री सहज सगळ्या डायऱ्या परत चाळल्या, आईच्या नावावर किरकोळ कुठे दिसतं का बघायला. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. तेव्हापासून ती गोष्ट मी कमी सांगते.

तर या महिन्याचा रकाना. एक तारखेला काकवी अर्धा किलो, ६० रुपये, गुऱ्हाळावरची. तव्यावरच्या गरम चपातीला काकवी लावून गुंडाळी केली की लेक दुसरं काही मागत नाही. पाच तारखेला चंदनाच्या साबणाची एक वडी, ८५. ही वडी मी लगेच काढत नाही. आधी महिनाभर कपाटात साड्यांच्या घडीत राहते, मग न्हाणीत जाते. एका वडीचे दोन उपयोग, शिवाय रविवारी बंबाच्या पाण्याने तासभर आंघोळ करायला निमित्त. बंबात नारळाच्या करवंट्या घालते, त्यांना पैसे पडत नाहीत. आठ तारखेला शेवंतीची वेणी, १५. ती का घेतली आठवत नाही. घेतली.

वाचनालयाची वर्गणी मी चैनीत धरत नाही, यावरून घरात मतभेद आहेत. आमचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, आणि जानेवारीत तिथे जाण्यात एक खास सुख असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात दिवाळी अंकांवर उड्या पडलेल्या असतात, आता अंक निवांत मिळतात, पानांचे कोपरे दुमडलेले, कुठे कुणाच्या चकलीचा तेलकट डाग. जून ते सप्टेंबर मी हेच अंक पानाच्या दरावर वाचते, अर्थाकडे न बघता, नुसत्या वेलांट्या आणि उकार. आता पाय वर घेऊन वाचते.

आज दुपारी जेवणानंतर वाकळ पायांवर घेऊन बसले. वाकळीत वरच्या बाजूला आईचं जांभळं इरकल आहे, आत काय काय आहे ते आता आईलाच ठाऊक असणार. कथा छान चालली होती. बाराव्या पानावर थांबले. ‘दीन’ हवं तिथे ‘दिन’. ‘दिन चेहऱ्याने ती उभी राहिली.’ दिवसाच्या चेहऱ्याने! चूक माझीच, हा अंक माझ्याच हातून गेलेला. ज्याचे पैसे आले नाहीत त्यांपैकीच एक. पेन्सिल घेऊन वेलांटी दुरुस्त करावी असं फार वाटलं, पण वाचनालयाच्या अंकावर लिहायचं नाही हा नियम आहे. आणि मनात आलं, पैसे येईपर्यंत राहू दे तो दिन दिनच.

संध्याकाळी हे म्हणाले, ‘चल, फिरून येऊ.’ पंचगंगेच्या घाटापर्यंत गेलो, वारा बोचत होता, परत फिरलो. गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या होत्या. काळ्याभोर, अंगातून वाफा निघतायत. कासंडीत धार पडण्याचा आवाज गाड्यांच्या गोंगाटातूनही ऐकू येतो. डॉक्टर कच्चं दूध पिऊ नका सांगतात, त्यांचं बरोबर आहे, मी लेकीला देत नाही. आम्ही दोघांत अर्धा लिटर घेतलं, ४५ रुपये. पेला हातात घेतला की तो आधी हातच गरम करतो. वर चार बोटं फेस. ह्यांच्या मिशीला लागला, मी सांगितलं नाही, चौकापर्यंत तसेच चालत होते.

ह्यांना तिथला माणूस ओळखतो हे माझ्या लक्षात आलं. पेला न मागता त्याने ह्यांच्यासाठी काठाचा, पितळी, मोठा काढला होता.

आत्ता साडेदहा झालेत. सगळे झोपले. वही घेतली, ४५ मांडायला. चैनीच्या रकान्यात वेणीच्या खाली एक ओळ आधीच आहे. नऊ तारीख, निळं पेन, अक्षर माझं नाही. ‘किरकोळ – २०.’

त्याखाली आजचे ४५ लिहिले. बेरीज २२५, शिल्लक १७५. आणि त्या किरकोळच्या समोर, समासात, प्रुफात करते तसं एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.