लाल रेघ दिसली, पुढे?

आज ओपीडीत कोरड्या डोळ्यांचीच रांग. एमएमपी-९ (दाह झाला की अश्रूंत वाढणारं विकर) तपासणाऱ्या चाचणीत घाई नडते ती अश्रूंचा नमुना घेताना. सुन्न करणारे थेंब, रंग, शिर्मर पट्टी (अश्रू किती येतात ते मोजणारी कागदी पट्टी) सगळं नंतर. नाहीतर निकालावर भरवसा राहत नाही. नमुना घेणारं टोक खालच्या पापणीच्या आत ६ ते ८ ठिकाणी टेकवायचं, मध्ये मध्ये पापणी मिटू द्यायची, शेवटी ५ सेकंद धरायचं. टोक ओलं चमकलं पाहिजे. अर्धवट भिजलं की खोटं निगेटिव्ह. बफरमध्ये (चाचणीच्या द्रावणात) २० सेकंद, १० मिनिटांनी वाचन. निळी रेघ (चाचणी नीट चालल्याची खूण) नसेल तर चाचणी बाद. लाल रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्ह (४० नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा जास्त).

पण लाल रेघ सांगते फक्त दाह. अ‍ॅलर्जीतही उमटते! अश्रुग्रंथीच कमी पडतेय असा संशय असेल तर लॅक्टोफेरिन (त्या ग्रंथीतून अश्रूंत येणारं प्रथिन) तपासणं जास्त कामाचं, ते घटलेलं सापडतं.