आमची वाटचाल: ड्रॉइंगची मजुरी

आमच्या पत्रा कटिंगच्या शेडमध्ये लोगो घेऊन आलेल्या माणसाला मी आधी दोनच गोष्टी विचारतो. पत्रा किती एमएमचा, आणि मागून लाइट सोडणार आहात का? रेटचं बोलणं त्यानंतर. चित्र किती बारीक ठेवता येईल ते पहिल्या उत्तरावर ठरतं, आणि अक्षर पत्र्याचं ठेवायचं की पत्र्यातून काढून टाकायचं ते दुसऱ्यावर.

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅस कटिंग करायचे. खडूनं आखायचं, रेघेवर सेंटर पंचनं ठिपके मारायचे आणि हातातल्या टॉर्चनं कापायचं. त्यांच्या हातून ‘श्री’ निघाला की त्यावर कानस फिरवायची फारशी गरज पडत नसे. मी शिरोली एमआयडीसीत शेड घेतली, कर्ज काढून प्लाझ्मा टेबल टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलप्रमाणे विजेच्या तप्त आर्कनं पत्रा कापणारं मशीन. पहिली काही वर्षं फ्लँज, गसेट, बेस प्लेट असले कारखान्यांचे भाग कापण्यात गेली. पैसे येत होते, हप्ते जात होते.

लोगोच्या कामात शिरलो ते गेटवाल्यांमुळे. फाइल म्हणून काय काय येतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो, पत्रिकेवरचा गणपती, व्हिजिटिंग कार्ड. डीटीपीवाल्यानं कोरल सॉफ्टवेअरची फाइल दिली तरी अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टमधून नुसत्या रेषांत बदललेली, नसतात, आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसला की स्क्रीनवर नुसता गोंधळ दिसतो. कर्व्ह करून आणली तरी देवनागरीची खरी गोम पुढेच आहे. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षरात जराशी घुसलेली असते. छपाईत ते कळत नाही. टॉर्च मात्र दिसेल ती आउटलाइन कापते. वेल्ड न करता, म्हणजे स्क्रीनवर सगळ्या आउटलाइन जोडून एक न करता, फाइल सोडली तर शिरोरेषा प्रत्येक जोडावर तुटते आणि अक्षरं सुटी होऊन टेबलाच्या पट्ट्यांमधून खाली पडतात. अनुस्वार तर वेल्ड केला तरी सुटाच राहतो, त्याला हातानं जोड द्यावा लागतो.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे राजमुद्रा. अष्टकोन, आणि आत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’पासून ‘भद्राय राजते’पर्यंत सगळा श्लोक, जोडाक्षरांनी भरलेला. लोकांना ती फूटभर हवी असते. तीन एमएम पत्र्यात 45 अँपिअरवर कर्फ, म्हणजे कापताना जळून पडणारी फट, दीड एमएमच्या आसपास पडतो. फूटभर मुद्रेत ‘च्चं’मधली फट तेवढीसुद्धा उरत नाही, तिथला पत्रा वितळून एकच भोक पडतं. मी तीन फुटांच्या खाली राजमुद्रा प्लाझ्मावर घेत नाही. महाराजांची मुद्रा वाचता आली नाही तर ती लावायचीच कशाला?

मागून लाइट असेल तर अक्षर कापून काढायचं, आणि मग अक्षरांची पोटं, म्हणजे रेघांनी वेढलेले आतले तुकडे, गळतात. ‘व’चं एक, ‘म’चं एक, आणि ‘ष’ला तिरक्या रेघेमुळे दोन. प्रत्येकाला ब्रिज हवा, म्हणजे बाकीच्या पत्र्याशी धरून ठेवणारी बारीक पट्टी. ‘शिवस्यैषा’मधल्या ‘षा’वर मी कितीतरी रात्री बसलो. शेवटी वरच्या पोटाला उभ्या दांड्यातून ब्रिज दिला आणि खालच्याला वाटीच्या बुडातून, तोही थोडा तिरका. सरळ दिला तर अक्षर मोडल्यासारखं दिसतं. तिरका दिला की नजर रेघेबरोबर पुढे जाते. रुंदी चार एमएम, कारण त्याहून बारीक ब्रिज प्लाझ्माच्या उष्णतेनं वाकतो. ती फाइल तयार झाली त्या दिवशी मी वडिलांना शेडमध्ये बोलावून दाखवली होती.

आणि तीच फाइल चोरीला गेली. आमच्याकडे शिकून तयार झालेला ऑपरेटर जास्त पगारावर दुसरीकडे गेला. पगारासाठी कुणीही जाईल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्याबरोबर पेन ड्राइव्हमधून आमचं अख्खं फोल्डर गेलं. ज्यानं त्याला नेलं त्यानं नवं फायबर लेझर टाकलं होतं आणि बाहेर बोर्ड लावला होता, ‘ड्रॉइंग फ्री’. दुसऱ्याच्या रात्री खिशात घालून आणल्यावर फ्री द्यायला काय जातं? काही महिन्यांनी एका गावच्या कमानीवर मी त्या लेझरवाल्याकडं कापलेली राजमुद्रा पाहिली. लेझरचा कर्फ एमएमच्याही आत असतो, त्याला एक-दीड एमएमचा ब्रिज पुरतो. तिथं ब्रिज चार एमएमचा होता आणि ‘षा’च्या बुडात तसाच तिरका. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, “इंटरनेटवर मिळाली.” ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

गेटवाले एकेक करून तिकडे गेले. ऑगस्ट 2019च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, माल येईना की जाईना. बँकेचा हप्ता थकला. टेबल विकायचं मी घरी बोलून टाकलं होतं.

अशा वेळी कागलचे अण्णा आले. ते गेटं आणि कमानी करतात, आणि आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. लेझरवर कापून आणलेला एक लोगो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. बैलजोडीचं चित्र होतं, कापणी एकदम साफ, पण वेसणीची रेघ सुटून पडली होती आणि डोळ्याच्या जागी नुसतं भोक. “आरं, मशीन कुणाचंबी चालंल,” अण्णा म्हणाले, “पण चित्तर तुझंच पायजे. ड्रॉइंगचं काय हुईल त्ये सांग, कापायचं नंतर बगू.” तोवर कुणीही मला ड्रॉइंगचे वेगळे पैसे दिले नव्हते. सगळे कटिंगच्या रेटमध्ये धरून चालायचे, मीही. अण्णांनी नोटा टेबलावर ठेवल्या आणि पावती मागितली. त्या पावतीवर पहिल्यांदा ‘ड्रॉइंग’ ही ओळ आली. पुढं त्यांनीच गडहिंग्लज, निपाणीकडचे गेटवाले पाठवले. टेबल विकलं नाही.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांना काही गोष्टी सांगतोच. फोटो ऑटो ट्रेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेघा काढून घेऊन, सरळ टेबलावर सोडू नका. साध्या गोलालासुद्धा शेकडो नोड, म्हणजे रेघेवरचे जोडबिंदू, पडतात, प्रत्येक नोडवर टॉर्चचा वेग तुटतो, कर्फ रुंदावतो, आर्कचं व्होल्टेज चढतं आणि त्यावरून उंची ठरवणारा हाइट कंट्रोल टॉर्च खाली दाबतो. मग नोझल पत्र्यावर आपटलं की मशीनला शिव्या देता. नोड कमी करा, जिथं कमान आहे तिथं खरी कमान ओढा. आधी आतली भोकं, शेवटी बाहेरची कड. पिअर्स, म्हणजे कापणी सुरू करायचं पहिलं भोक, नेहमी टाकाऊ भागात. बाहेरची कड घड्याळाच्या दिशेनं आणि आतली उलट, कारण टॉर्चच्या उजव्या हाताची कड चौकोनी येते. पावसाळ्यात टॉर्चला ड्रायरशिवाय कॉम्प्रेसरची हवा सोडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पाण्याचा अंश लाइनमध्ये गेला की टॉर्चमधल्या इलेक्ट्रोडच्या टोकातलं हाफ्निअम (धातू) बघता बघता खड्डा होऊन बसतं.

आता बिलात ड्रॉइंगची मजुरी पहिल्या ओळीत असते, कटिंग तिच्याखाली. मजुरी दिली की फाइल गिऱ्हाइकाची, त्यानं ती कुठंही कापून घ्यावी. एमआयडीसीतले काही लेझरवालेसुद्धा आता ड्रॉइंग आमच्याकडून करून नेतात. ‘ड्रॉइंग फ्री’चा बोर्डवाला त्यांत नाही. तो आला तरी त्याचं काम घ्यायचं नाही, असं मी माझ्या मुलाला सांगून ठेवलं आहे.