चाळीस हजार म्हणलो, निघाले चौसष्ट

मी पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पोकर डीलर आहे, मूळचा सावंतवाडीचा. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट, पण अजून रात्री आठवते.

टूर्नामेंट बबलवर होती, म्हणजे अजून एक जण गेला की उरलेल्या सगळ्यांना पैसे. ब्लाइंड, म्हणजे पानं वाटायच्या आधी दोघांनी घालायच्या सक्तीच्या चिप, २,०००-४,००० (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग), वर बिग ब्लाइंडवाल्याचाच ४,००० अँटी, तोही सक्तीचा. बटनवरच्या, म्हणजे ब्लाइंडवाल्यांच्या आधी बोलणाऱ्या पोराने ऑल इन म्हणून सगळ्या चिप पुढे सरकवल्या, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, राहिले बिग ब्लाइंडवरचे काका. काका वेंगुर्ल्याचे. गोव्यातल्या रहिवाशांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे त्यामुळे टेबलावर कोकणी-मालवणी कानावर येणं विरळाच, यांनी मात्र बसल्या बसल्या मला 'खंयचो रे तू?' विचारलेलं.

काका म्हणाले, किती आहेत बघ. ऑल इन ज्याच्यासमोर आहे त्याने विचारलं तरच डीलर मोजतो, आणि मोजताना गठ्ठा मोडून पाच-पाचने पसरायचा असतो. मी मोडला नाही. घड्याळ चालू, दुसऱ्या टेबलवाले ताटकळलेले, मी दोन गठ्ठे शेजारी लावून उंची बघितली, वीस-वीस पिवळ्या हजाराच्या चिप, आणि बोललो चाळीस हजार.

काका थांबले. चांगली दोन मिनिटं. पोराचे चाळीस आणि ब्लाइंड-अँटी मिळून मध्ये ५०,०००, काकांचे ब्लाइंडचे ४,००० आधीच आत, म्हणून त्यासाठी अजून ३६,००० घालायचे, म्हणजे शंभरात बेचाळीस वेळा जिंकलं तरी हिशोब बसतो. हातात काय होतं ते नंतर दिसलं, इस्पिकचा एक्का आणि किलवरचा गुलाम. समोर बादशहा-राणी असली तर साठ टक्के आपण, लहान जोडी असली तर पंचेचाळीसच्या आसपास, पण एक्का-बादशहा नाहीतर एक्का-राणी निघाली तर चारात एकदाच. आणि बबलवर नुसता हा हिशोब पुरत नाही, हरलो तर उरतं काय ते बघावं लागतं. काकांकडे मागे ६६,००० होते, हरले तरी ३०,०००, साडेसात बिग ब्लाइंड, तेवढ्यावर पानं टाकत बसता येतं तोवर दुसरं कोणीतरी जातं. मला वाटतं त्यांनी हेच मोजलं. मग म्हणाले, कॉल, म्हणजे तेवढेच मी पण घालतो.

पोराकडे अठ्ठ्यांची जोडी. मधली सगळ्यांची पाच पानं उघडली, एक्का नाही, गुलाम नाही.

मी काकांचे ३६,००० मोजून घेतले, पोराचा गठ्ठा शेजारी ठेवला आणि कडेला एक फिकट हिरवी चिप दिसली. पंचवीस हजाराची. म्हणजे चाळीस नाही, चौसष्ट. हात गार पडले माझे. मीच फ्लोरला, म्हणजे टेबलांवर निर्णय देणाऱ्या सुपरवायझरला हाक मारली आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

नियम टीडीएचा, म्हणजे टूर्नामेंट चालवणाऱ्यांच्या संघटनेचा (टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन), स्पष्ट आहे. समोरचा दाव किती ते बघणं कॉल करणाऱ्याची जबाबदारी, डीलरने चुकीचा आकडा दिला तरी कॉल म्हणलं की खरी रक्कम लागू. मोठ्या चिप सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या हाही नियमच आहे, त्याबद्दल पोराला ताकीद मिळाली, बस्स. काकांचे अजून २४,००० गेले. उरले ६,०००, दीड बिग ब्लाइंड.

मला सहकारी म्हणाले खरा आकडा धरला तरी बेचाळीसच्या जागी पंचेचाळीस टक्के लागले असते, कॉल तसाही झालाच असता. मला नाही पटत. टक्के तीनने हलले पण हरल्यावर उरायचं ते तीसवरून सहावर आलं, आणि बबलवर एक्का-गुलाम घेऊन तो माणूस सगळं टाकणारा नव्हता, रात्रभर त्यांना खेळताना बघत होतो मी. त्यांनी निर्णय बरोबर घेतला, आकडा माझा चुकीचा होता.

अर्ध्या तासाची माझी पाळी संपली, ब्रेकवरून आलो तर ती खुर्ची रिकामी आणि बाकीचे सगळे पैशात.

पहाटे जेटीकडे जाणाऱ्या छोट्या बोटीत काका दिसले. पाऊस होता. मी जाऊन माफी मागितली. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले, मग विचारलं, "ती चिप खंय होती रे?"

"डाव्या गठ्ठ्यात, खालसून चवथी."

"मियां पण बघूक नाय," म्हणाले आणि जेटी येईपर्यंत माझ्या बाजूलाच उभे राहिले.