बोहारणीचा दसरा

"म्हणजे बोहारीण की गं तू," आई म्हणाली आणि पुन्हा गवार मोडायला लागली. "नुसती भांडी नाहीत, एवढंच."

त्याआधी पंधरा मिनिटं मी तिला 'कॉस्च्यूम स्वॅप' ही काय भानगड आहे ते समजावत होते. लेकीच्या शाळेत चौथीच्या सहलीसाठी पैसे जमवायचे होते. पालकांनी गेल्या वर्षीचे हॅलोविनचे पोशाख आणून द्यायचे आणि त्या बदल्यात दुसऱ्या कुणाचे घेऊन जायचे. पोशाख आणला तर तिकीट पाच डॉलर, रिकाम्या हाताने आलात तर दहा. पालक संघाच्या बैठकीत ही कल्पना मीच मांडली होती, त्यामुळे गळ्यातही माझ्याच पडली.

बोहारीण हा शब्द मात्र डोक्यात बसला. साताऱ्याला आमच्या दारात यायची ती. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं. उंबऱ्याशी बसून बाबांच्या पँटची शिवण उजेडात धरून बघायची, गुडघ्यापाशी बोट घालून कापड किती विरलंय ते जोखायची. एका पातेल्यासाठी आई दोन शर्टांवर अडून असायची आणि ती तिसऱ्यावर. तासाभराने पातेलं घरात यायचं, पण जिंकलं कोण ते कधीच कळायचं नाही.

आता न्यू जर्सीतल्या गराजमध्ये मीही तेच करत होते. सप्टेंबरच्या अखेरीपासून शाळेतल्या खोक्यांतून पोशाख यायला लागले आणि गाडी आठवडाभर बाहेर उभी राहिली. मधमाश्या, डायनोसॉर, अंतराळवीर, तीन सांगाडे आणि राजकन्या तर मोजायच्याच सोडल्या. बहुतेक सगळं पॉलिस्टर. एकेका रात्रीपुरतं शिवलेलं, पाठीला वेल्क्रोची पट्टी, काखेत हमखास उसवलेलं. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली हॅलोविनच्या पोशाखांवर ४.१ अब्ज डॉलर खर्च होतील असा अंदाज दिला होता. त्यातले दोन-चारशे आमच्या गराजमध्ये पडले असावेत.

केसांचे टोप मी घेतले नाहीत. उवा इथल्या शाळांतही असतात, फक्त इथे त्यांची रीतसर चिठ्ठी घरी येते.

सगळ्यांत जास्त संख्या कोळ्यांची होती. आमच्या वेळी फॅन्सी ड्रेसला कोळी म्हणजे लाल टोपी, खांद्यावर जाळं आणि हातात पुठ्ठ्याचा मासा. इथला कोळीही जाळंवालाच, पण हा भिंतीवर चढतो. आईने असे सात कोळी शिवून नीट केले. "सगळ्यांचं ढोपरच कसं फाटतं?" म्हणाली. चढत असतील भिंतीवर, दुसरं काय.

ओळखीतल्या एका मैत्रिणीने मात्र फोनवर हळूच विचारलं, "वापरलेले? आपल्या मुलांना?" मला हसू आलं. दुसरीत मी झाशीची राणी झाले होते ती ड्रेपरीवाल्याकडून आणलेल्या भाड्याच्या कपड्यांत. त्या शेल्याला कुणाच्या तरी पावडरचा वास होता आणि पोटापाशी कमीत कमी पाच वेगवेगळ्या हातांचे टाके. माझ्याआधी किती राण्या त्यात लढून गेल्या होत्या कोण जाणे. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. पण त्याच वर्षी मावसबहिणीचा जुना फ्रॉक घालून वर्गात गेले तेव्हा मात्र कुणी ओळखेल म्हणून दिवसभर दप्तर पोटाशी धरून बसले होते. फ्रॉक घातला की मी मीच असायची, म्हणून तो दुसऱ्या कुणाचा असलेला खुपायचा. राणी तर मी नव्हतेच. मग तिचे कपडे कुणाचे का असेनात. मैत्रिणीला हे सगळं काही सांगितलं नाही, नुसतं "ये तर खरी" म्हटलं.

शाळेच्या समुपदेशक बाई एक दिवस आल्या आणि वीस तिकिटं पाकिटात घालून घेऊन गेल्या. कुणासाठी हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अदलाबदलीच्या दिवशी कोणतं मूल कोणत्या तिकिटावर आलं हे दारात ओळखू येत नव्हतं. सगळ्या उठाठेवीत मला एवढीच गोष्ट मनापासून जमली असं वाटतं.

हॅलोविन हे प्रकरण इथे किती गंभीर आहे ते मला आल्या वर्षीच, २०१२ मध्ये कळलं होतं. सँडी वादळाने वीज गेली, झाडं पडली, तेव्हा राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी चक्क आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकललं. वादळात लोकांनी भुतांचीही सोय बघितली म्हणून मी तेव्हा थक्क झाले होते.

अदलाबदलीसाठी ऑक्टोबरचा दुसरा शनिवार इथे ठरलेला आहे. २०२४ मध्ये तो १२ तारखेला आला आणि त्याच दिवशी दसरा. आईने कॅलेंडर बघून कपाळाला हात लावला. "सोनं लुटायच्या दिवशी जुने कपडे!" पण मग स्वतःच म्हणाली, एकमेकांना काहीतरी द्यायचाच तर दिवस आहे.

शाळेचा नियम असा की शस्त्रं चालणार नाहीत, रक्त नाही, मुखवटे नाहीत. त्यामुळे दारातच प्रत्येक समुराईची, चाच्याची आणि शूरवीराची प्लॅस्टिकची तलवार काढून खोक्यात टाकावी लागली. चेटकिणीचा झाडू शस्त्र की वाहन यावर दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी झाडू आत गेला. तासाभराने बघते तर खोकं तलवारींनी गच्च भरलेलं आणि वर कुणीतरी अंगणातलं झेंडूचं फूल ठेवलेलं. आई शेजारी खुर्चीवर बसली होती, चेहरा अगदी निर्विकार.

तिकिटांचे ३८५ डॉलर जमले. सहलीच्या बसचं निम्मं भाडं निघालं. फोनवाली मैत्रीण तिच्या मुलासाठी अग्निशामक घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "नवाच दिसतोय गं."

शेवटी एक भोपळा उरला. गोल, केशरी, आत भरपूर कापूस आणि पोटावर काळ्या कापडाचं दात विचकणारं तोंड. सगळ्यांनी हातात घेतला, सगळ्यांनी ठेवून दिला. त्यात बसलेल्या मुलाला बसता येत नाही, ही त्याची अडचण. मी तो टाकायला निघाले तर आईने ओढून घेतला.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. सकाळी उटणं लावून झालं, संध्याकाळी भुतं दारात आली. आईने मूठमूठ चॉकलेटं वाटली. "आपल्याकडे बहुरूपी यायचे ना पोलिसाच्या वेशात, तसंच की," म्हणाली. तो भोपळा तोवर तिच्या बॅगेत गेला होता. आतला कापूस काढून तिने त्याची पातळ घडी केली होती, कारण बॅग तेवीस किलोंच्या वर जाऊन चालणार नव्हतं.

डिसेंबरमध्ये साताऱ्याहून व्हिडिओ आला, भाच्याच्या स्नेहसंमेलनाचा. विचकलेल्या तोंडावर आईने हिरव्या कापडाची दोन पानं आणि एक वेल शिवला होता. एक काळा दात तेवढा वेलाखालून डोकावत होता. भाचा स्टेजवर उड्या मारत ओरडला, "कशाची म्हातारी नि कशाची कोतारी? चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!"

पहिल्या रांगेतून सगळ्यांत मोठ्याने कुणीतरी हसलं. आवाज ओळखीचा होता. लेकीकडे सहा महिने तूपरोटी खाऊन गेलेली म्हातारी होती ती.