तुम्ही विचारलंत म्हणून: बुडालेल्या गावांचा नकाशा कशाला?

‘जे बुडालं ते बुडालं, त्याचा नकाशा आता कशाला काढतेस? आणि गूगलवर असतं की सगळं!’ कुणाच्या लग्नात गेले तरी हे ऐकावं लागतं. गूगलवर उजनीचं पाणी आहे. पाण्याखालची गावं नाहीत. १९८० साली धरण पुरं झालं, त्यात माझ्या आत्याची सासरची वस्ती गेली. तिचं अर्धं आयुष्य जिथे गेलं ती जागा कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. मला तेवढं कारण पुरतं.

‘नुसतं गिरवायचं तर असतं,’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा बसून बघावं. सर्व्हे ऑफ इंडियाची एका इंचाला एक मैल मापाची जुनी नकाशाची शीट स्कॅन करून मॅप वॉर्पर या जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवायच्या संकेतस्थळावर चढवायची, शीटवरची खूण आणि उपग्रहचित्रातली तीच जागा अशा जोड्या जुळवायच्या. शीटच्या कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरले, तर आमच्या भागात सगळं शंभर मीटरहून जास्त सरकतं. शीट एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर मोजलेली, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर. रेल्वेचा आधार घ्यावा, तर धरणामुळे डिकसळजवळ पुणे-सोलापूर मार्गच हलवला गेला. नवखा माणूस भरवशाने रुळांवर खुणा लावतो आणि शीट तिरकी होते. थिन प्लेट स्प्लाइन ही शीट ताणून बसवायची पद्धत निवडली तर प्रत्येक खूण नेमकी बसते, चूक शून्य दिसते, पण मधला भाग कापडासारखा ओढला गेलेला असतो. पाण्यात तर खूण लावायला जागाच नाही. मग उरतात टेकड्यांचे माथे, काठावरची न हललेली गावं आणि पाणी खूप उतरलं की वर येणारं जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ.

एवढं जमल्यावर मी लॅपटॉप आत्यासमोर ठेवला. नदीचं जुनं पात्र, गाडीवाट, विहिरींची वर्तुळं, गावठाण. तिने देऊळ लगेच ओळखलं. मग बोट वाटेवरून पुढे नेत नेत एका कोऱ्या जागेवर थांबवलं. “आमची वस्ती कुठंय गं?”

“शीटवर नाही दाखवलेली, आत्या.”

“दाखवली नाही म्हंजे? आमी काय हवेत ऱ्हात होतो?”

मी मोजणीची पद्धत सांगायला लागले. एवढ्या लहान मापात चार घरं सुटू शकतात, वगैरे. ती ऐकत होती असं मला वाटत नाही. “लाव की मग एक टिंब. हितं. तूच काढतीस ना?”

मी लावलं नाही. ती उठून आत गेली. त्यानंतर तिने नकाशाचा विषय माझ्याजवळ काढलेला नाही.

ओपनहिस्टॉरिकलमॅप या जुन्या काळाच्या खुल्या ऑनलाइन नकाशावर आम्ही बरेच जण मिळून गिरवतो. तिथे प्रत्येक वस्तूला सुरुवातीची, शेवटाची तारीख आणि आधार लिहिता येतो. ‘तोंडी माहिती’ असा आधार देऊन टिंब लावता आलं असतं. बरोबरच्यांचं म्हणणं, एकदा आठवणीवर टिंब लावलं की उद्या कुणीही काहीही लावेल, आणि शिवेचे वाद आपल्याकडे कमी नाहीत. मला ते पटतं. पूर्वी मी यापुढे जाऊन म्हणायचे, शीटवर नाही ते नव्हतंच असं धरून चालावं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं: मोजणीदार वस्तीपर्यंत गेलाच नसेल तर? त्याचं न जाणं पुरावा आणि आत्याचं तिथे नांदणं अफवा, हे कुणी ठरवलं? पण टिंबाची जागा शंभर-दोनशे मीटरने चुकली, तर दुसऱ्या कुणाच्या रानात आत्याचं घर उभं राहील. तेही खोटंच.

सध्या रानांच्या हद्दी आणि सर्व्हे नंबर दाखवणारा गावनकाशा बसवायचा प्रयत्न चालू आहे, कारण रानाचा सर्व्हे नंबर आत्याला पाठ आहे. या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. शिवेच्या दगडांवर आणि बांधांवर तो जुळवावा लागतो, आणि आमच्या शिवेचे बरेच दगड पाण्यात आहेत. टेकडीकडची कड नीट बसते. नदीकडे जावं तसा फरक वाढत जातो. नंबर सापडला तरी त्या रानात घर नेमकं कुठे होतं, हे आत्यालाच विचारावं लागणार. ती सांगेल का, आणि सांगितलं तर मी टिंब लावेन का, हे माझं अजून ठरलेलं नाही.