तुम्ही विचारलंत म्हणून: गाइडच्या मागनं चालायचं आणि वर मठ बघायचे, मग ट्रेक कसला?

मार्खा खोऱ्याचा ट्रेक करून आले म्हटलं की कोल्हापुरात एक प्रश्न ठरलेला. "ताई, आषाढात पन्हाळा-पावनखिंड चिखल तुडवत जाणारी माणसं आपण. तिकडं लडाखात पैसे मोजून गाइडच्या मागनं चालायचं, वर चार दिवस मठ बघत हिंडायचं, ह्यो कसला ट्रेक?" विचारणारे बहुतेक स्वतः डोंगर हिंडणारे असतात, त्यामुळे चेष्टेतली खोच खरी असते. तर एकदा सगळंच लिहून टाकते.

आधी श्वासाचं बोलू. पावनखिंडीच्या वाटेवर कसोटी लागते ती पायांची. पाऊस, चिखल, जळवा, मसाई पठारावरचं धुकं. पण आपला पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आतच. तिथं दम लागला तर दोन मिनिटं टेकायचं, गूळ-शेंगदाणे तोंडात टाकायचे, की झालं. लेह शहरच साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश. मार्खाच्या वाटेवरची शेवटची खिंड, कोंगमारू ला, साधारण ५,२०० मीटरवर; तिथं तो निम्म्यावर येतो. ह्यात तुमची तब्येत किती कमावलेली आहे हे डोंगर विचारत नाही. तालमीतला पैलवान आणि बँकेतली कारकून, दोघांना हवा सारखीच विरळ. उलट दमदार पोरांनाच जास्त त्रास होताना बघितलाय, कारण ती पहिल्याच दिवशी पळायला लागतात.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम, हा जगभर मानला जाणारा नियम. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात. चालताना झोक जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, की एकच औषध: खाली उतरायचं, लगेच, रात्र असली तरी. ह्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपला विचारू नका.

आणि गाइड हवा तो इथं. वाट दाखवायला नव्हे, वाट तशी नीट मळलेली आहे. तो हवा थांबवायला. आमचा गाइड चढावर इतका हळू चालायचा, की मला सुरुवातीला राग यायचा. दर वळणावर मागं वळून तो एकेकाचं तोंड बघायचा. जेवताना कुणी ताट अर्धं टाकलं की ते त्याच्या ध्यानात राहायचं. आपण स्वतःशी खोटं बोलतो, विशेषतः रजा मोजून घेतलेली असली आणि शेजारणीला फोटो पाठवायचे असले की. गाइडला तसलं काही नसतं.

नदीचंही तेच. मार्खा नदी काही ठिकाणी पाण्यातून ओलांडावी लागते. दिवसभर उन्हानं वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढतं, म्हणून ती सकाळी ओलांडायची. आपण पावसानं पूर येणाऱ्या पंचगंगेच्या काठची माणसं. कडक ऊन पडलंय म्हणून नदी फुगली, हे आपल्या डोक्यात पटकन शिरत नाही.

आता मठांचं. लेहला विमानानं उतरलात की पहिला दिवस नुसता लोळून काढायचा, आणि पुढचे दोन-तीन दिवस हळूहळू हिंडत शरीराला हवेची सवय लावायची. तेवढ्या वेळात करायचं काय? सिंधूच्या काठानं शे, ठिकसे, हेमिस आहेत. पश्चिमेला खाली उतरत गेलं की आल्ची. थोडं चढायचं, बसायचं, पुन्हा उतरायचं. म्हणजे मठ बघणं हा ट्रेकच्या आधीचा वेळकाढूपणा नाही, ती ट्रेकची तयारीच आहे. हे मला पटलं ते ठिकसेच्या पायऱ्यांवर. जोतिबाच्या पायऱ्या गप्पा मारत चढणारी मी तिथं अर्ध्यात भिंतीला टेकले होते आणि शेजारनं एक आठ-दहा वर्षांचा लामा चहाची भली मोठी किटली घेऊन पळत वर गेला. सकाळच्या प्रार्थनेला तोच सगळ्यांना वाढत होता, आम्हालासुद्धा. मीठ आणि लोण्याचा तो गुरगुर चहा मला आवडला नाही. खोटं कशाला बोलू?

पण मठ बघायचे म्हणजे दिवसाला पाच नव्हे. काही सहलींच्या कार्यक्रमात एका दिवसात सहा मठ टाकलेले असतात. संध्याकाळी कुठल्या मठातला मैत्रेय, म्हणजे पुढं येणारा बुद्ध, कुठला हे सांगता येत नाही. तीन बघा. त्यात आल्ची चुकवू नका.

आल्ची इतर मठांसारखं कड्यावर नाही, गावात सपाटीवर, जर्दाळूच्या झाडांत आहे. बाहेरून बघाल तर मातीचं साधं घर. आतल्या सुमत्सेक देवळात तीन बाजूंच्या कोनाड्यांत तीन बोधिसत्त्व उभे आहेत: अवलोकितेश्वर, मैत्रेय, मंजुश्री. इतके उंच की आपल्याला खालून पाय आणि धोतरं दिसतात आणि डोकी वरच्या मजल्यात गेलेली. आत अंधार, फोटो काढायला बंदी. गाइडनं बॅटरीचा झोत देवांच्या तोंडाकडे न नेता धोतरावर टाकला. काश्मिरी कलेच्या वळणाची आठ-नऊशे वर्षांपूर्वीची रंगकामं ती. अवलोकितेश्वराच्या धोतरावर वाडे, देवळं, माणसांची वर्दळ. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र. आणि मंजुश्रीच्या धोतरावर चिमुकली माणसं, प्रत्येकाची बैठक वेगळी, सगळे जोगी. "चौऱ्याऐंशी सिद्ध," तो म्हणाला.

मी एकदम सावध झाले. चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत गोरक्ष आहेत, जालंधर आहेत, आणि मीनपा म्हणजे आपले मच्छिंद्रनाथच असं बरेच अभ्यासक मानतात. बत्तीस शिराळ्याच्या गोरक्षनाथाला लहानपणापासून हात जोडलेले. तीच मंडळी लडाखातल्या एका मंजुश्रीच्या धोतरावर बसलेली असतील, असं कुणी कोल्हापुरात सांगितलं असतं तर मी हसले असते. झोत धोतरावर पडला नसता तर मी तीन मोठ्या मूर्ती बघून, छान आहे म्हणून बाहेर आले असते.

आमच्यात हातकणंगल्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, बौद्ध घरातल्या. घरी बुद्धवंदना, गावच्या विहारात बुद्ध आणि बाबासाहेब. बाबासाहेबांची माणगाव परिषद १९२० साली त्यांच्याच तालुक्यात झाली, हे गाइडलाही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिकडच्या मठांत रक्षक देवतांची खोली असते; उग्र चेहऱ्याचे महाकाल, तोंडावर कापड टाकलेले. बाई तिथं उंबऱ्यातच थांबल्या. "हे कुठलं आपल्यात?" त्यांनी सरळ विचारलं. गाइडनं आपल्या परीनं सांगितलं, की हा राग आपल्याच मनातल्या द्वेषावर आणि अज्ञानावर आहे. बाईंना ते पूर्ण पटलं असं दिसलं नाही, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. ठिकसेच्या दोन मजली मैत्रेयासमोर मात्र त्यांनी स्पष्ट आवाजात त्रिशरण म्हटलं आणि बाजूचे म्हातारे लामा जपमाळ थांबवून ऐकत राहिले. मठांबद्दल आम्हा सगळ्यांचे मिळून जेवढे प्रश्न असतील त्याहून जास्त त्या एकट्या बाईंचे होते, आणि त्या प्रश्नांनीच आमची सहल रंगवली.

ट्रेक सुरू झाल्यावर मठ मागं पडतात असंही नाही. चिलिंगहून पुढे स्क्यू, मार्खा, हंकार ही गावं. वाटेत मणी भिंती, कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब रांगा. त्या उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच, आणि तिथला दगड आठवण म्हणून उचलायचा नाही. कड्यावर टेचा गोंपा, म्हणजे मठ, दिसतो. गावांतले छोटे गोंपा एरवी कुलूपबंद असतात, आणि किल्ली कुणाच्या घरी आहे, तो माणूस ह्या वेळी शेतात असेल की घरी, हे तुमच्या मोबाइलमधला नकाशा सांगणार नाही.

मुक्काम शक्यतो होमस्टेमध्ये करा. ह्या भागाला हेमिस राष्ट्रीय उद्यान म्हणतात, १९८१ पासून. इथं हिमबिबट्या आहे आणि तो गोठ्यात शिरला तर एका रात्रीत बऱ्याच मेंढ्या मारतो. गावकऱ्यांनी त्याला मारू नये म्हणून स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेनं गावांबरोबर होमस्टे उभे केले. पाहुण्यांचे पैसे थेट घरात जातात, आणि बिबट्या जिवंत असणं घराला परवडतं. रात्री स्क्यू वाढतात, गावाच्याच नावाचं वाटेल पण तो कणकेच्या तुकड्यांचा आणि भाज्यांचा दाट रस्सा आहे. तिखट अजिबात नाही. कांदा-लसूण चटणीची पुडी बरोबर असू द्या. आमची घरधनीण तीन वेळा मागून घेऊन गेली.

रस्ता खोऱ्यात हळूहळू आत सरकतोय, त्यामुळे चालायचे दिवस पूर्वीपेक्षा कमी झालेत. दिवस वाचले म्हणून खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामाला, निमालिंगला, पोचायची घाई करू नका. ते कुरण साधारण ४,७०० मीटरवर आहे, आणि खरा त्रास तिथल्या रात्री होतो. आणि लेहला जायचं तर वेळ असणाऱ्यांनी श्रीनगर-कारगिल रस्त्यानं जावं असं माझं मत. उंची बेतानं वाढते, वाटेत लामायुरूचा मठ लागतो. मनालीकडचा रस्ता देखणा आहे, पण तो सवय व्हायच्या आतच पाच हजार मीटरच्या वर नेतो.

विमानाचं तिकीट काढायच्या आधी एक रविवार जोतिबाच्या पायथ्याच्या पोहाळे लेण्यांना द्या. आपल्या दाराशी भिक्खूंच्या खोल्या खोदलेल्या आहेत आणि पन्हाळ्याला पिठलं-भाकरी खायला जाणारे निम्मे लोक तिकडं कधी वळलेले नसतात. पावनखिंडवाल्यांना मसाई पठाराजवळचा पांडवदरा तर वाटेवरच.

राहिला दुसरा नेहमीचा प्रश्न: "आईला न्यायचं आहे, चालेल का?" रक्तदाब, हृदय, फुफ्फुसं डॉक्टरांनी बघून होकार दिला तर लेह आणि मठांपुरतं जरूर न्या. खिंडीकडे नको. तिला लेहमध्ये कुणाच्या तरी सोबतीनं ठेवा. ट्रेक शांग सुमदो गावाला उतरतो, तिथून हेमिस गाडीनं जवळ आहे. त्या दिवशी तिला लेहहून हेमिसला बोलावून घ्या. हेमिसचा मुखवट्यांच्या नाचाचा उत्सव जून-जुलैत तिबेटी तिथीनं येतो, तारीख दर वर्षी बदलते. ट्रेक त्या तारखेला संपेल असा मागून मोजत आखायचा, आणि खोल्या आधी धरायच्या, कारण त्या आठवड्यात लेहमध्ये जागा मिळत नाही.